दुर्गाबाईंची धाकटी बहीण

एल.टी.सी. घेऊन कुठे जायचं हा प्रश्न आमच्या घरात दर खेपेला निघतो आणि दर खेपेला उत्तर एकच निघतं, भोपाळ! कारण माझी धाकटी बहीण लग्न होऊन तिथे गेली आणि तिथलीच झाली. वास्कोला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसायचं, घाट चढायचा, बेळगाव, पुणे, मनमाड, भुसावळ करत दुसऱ्या दिवशी भोपाळला उतरायचं आणि रिक्षावाल्याला सांगायचं, 'इंद्रपुरी'. ही वस्ती भेलच्या बाजूची. आमचे भावजी मूळचे तिकडचेच. त्यांचं मराठी शुद्ध, पण 'बनवून राहिलो', 'जाऊन राहिलो' अशा वळणाचं. बहिणीचंही आता तसंच होत चाललंय. मी हसलो की ती म्हणते, "तू तुझं कोकणीमिश्रित सांभाळ, मी माझं हिंदीमिश्रित सांभाळते."

या खेपेला घरात जरा ताण होता. भाची बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय जीवरसायनशास्त्र. पहिली दोन वर्षं बरी गेली. आता मोठा पेपर आला आहे, प्रथिने आणि चयापचय. उशीला द्यावं एवढं जाड पुस्तक, पानोपानी बाणांची चित्रं, एका द्रव्याचं दुसरं होतं, दुसऱ्याचं तिसरं, आणि प्रत्येक बाणावर एका एन्झाइमचं नाव. भावजींचं म्हणणं, हे पुरे, पदवी पदरात पडली की बँकेच्या परीक्षेला बस. फॉर्म आणून फ्रिजवर ठेवलेला होता. पोरगी स्वतःही अर्धीमुर्धी त्या मताला आली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मामा, हे सगळं पाठ करून मी करणार काय? तुम्ही तरी सांगा."

मी आर्ट्सचा माणूस. दहावीनंतर विज्ञानाच्या वाटेला गेलो नाही. सरकारी कचेरीत आवक-जावक, नस्त्या, टिपणं यांत वीसेक वर्षं गेली. मी काय सांगणार? पण तिच्या उघड्या पानावर एक शब्द दिसला, सायटोक्रोम. हा शब्द मी कुठे तरी वाचला होता. विज्ञानाच्या पुस्तकात नक्कीच नव्हे. जरा आठवल्यावर लक्षात आलं, दुर्गाबाई भागवतांविषयी वाचताना!

दुर्गाबाई मी कॉलेजपासून वाचत आलोय. 'ऋतुचक्र', 'व्यासपर्व', 'पैस' ही पुस्तकं पणजीच्या सेंट्रल लायब्ररीतून इतक्यांदा आणली असतील की शेवटी विकतच घेतली. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून त्या आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या, पुढे तुरुंगात गेल्या, हे आम्ही किती अभिमानाने एकमेकांना सांगतो. आणि त्यांच्या धाकट्या बहिणीविषयी मला किती माहिती होती? एक ओळ. 'त्यांची बहीण शास्त्रज्ञ होती.' बस्स. ती सायटोक्रोमवर काम करणारी होती, हे त्या ओळीला चिकटून कुठून तरी आलेलं. भाचीला सांगायचं म्हणून मग बसून वाचलं, आणि इतकी वर्षं त्या एका ओळीवर समाधान मानल्याची लाज वाटली. वाचकहो, हा लेख त्या लाजेपोटी लिहितोय.

कमला भागवत १८ जून १९११ रोजी इंदूरला जन्मली. दुर्गाबाई त्याआधी वर्षभर, १९१० च्या फेब्रुवारीत, त्यांचाही जन्म इंदूरचाच. म्हणजे आमच्या बहिणीच्या घरापासून रस्त्याने चार-पाच तासांवर. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून, अगदी सुरुवातीच्या काळात शिकून बाहेर पडलेले. तेव्हा घरात रसायनशास्त्र असं होतं जसं एखाद्या घरात गाणं असतं. कमलेने १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. केली, रसायन आणि पदार्थविज्ञान घेऊन, आणि गुणवत्तेत वरचा क्रमांक मिळवला. पुढे बंगलोरला वडील-काकांच्याच संस्थेत जायचं हे तिच्या मनात ठरलेलं. अर्ज केला. अर्ज नाकारला गेला.

नाकारणारे होते सर सी. व्ही. रामन. तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेलं, आणि त्याच १९३३ साली ते संस्थेचे संचालक झालेले, पहिले भारतीय संचालक. कारण एकच, अर्जदार मुलगी आहे. वडील-काकांनी रदबदली केली, उपयोग झाला नाही. मग कमला स्वतः बंगलोरला गेली आणि रामन यांच्यासमोर उभी राहिली. गांधींचा काळ होता, तिने तिथे सत्याग्रह केला असंही सांगतात. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्षभर नियमित विद्यार्थिनी नाही, परिवीक्षेवर. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचं. आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडवायचं नाही.

हे मी वाचलं तेव्हा माझ्यातला कारकून जागा झाला. परिवीक्षा म्हणजे काय ते आम्हांला पक्कं ठाऊक. आमच्याकडे परिवीक्षेवरच्या माणसाचं काम पाहतात, हजेरी पाहतात, गोपनीय अहवाल लिहितात. पण जो माणूस कामावर आला म्हणूनच वातावरण बिघडेल असं आधीच गृहीत धरलंय, त्याने वातावरण बिघडवलं की नाही हे कोण आणि कशावरून ठरवणार? अशी अट आमच्या टेबलावर आली असती तर समासात 'संदिग्ध, कृपया स्पष्ट करावे' असा शेरा पडला असता. बंगलोरला तो मारणारं कोणी नव्हतं. मुलीने अटी मान्य केल्या आणि कामाला लागली.

एवढं मात्र म्हटलं पाहिजे की वर्ष संपल्यावर रामननी शब्द पाळला, तिला रीतसर विद्यार्थिनी करून घेतलं आणि मुलींसाठी संस्थेचं दार उघडलं. पुढे १९४० साली रामन यांच्या प्रयोगशाळेत अन्ना मणी आल्या, हिरे-माणकांच्या वर्णपटांवर त्यांनी काम केलं. (त्यांनाही डॉक्टरेट मिळाली नाहीच. एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने अडवलं. एक दार उघडलं की पुढचं बंद!) कमलाबाईंनी मात्र ती गोष्ट विसरली नाही. म्हातारपणी एका सत्कारात त्यांनी स्पष्ट बोलून दाखवलं की रामन शास्त्रज्ञ मोठे, पण आपण स्त्री म्हणून त्यांनी जे वागवलं तो अपमान होता. भागवतांच्या घरातल्या बायका अशा गोष्टी गिळत नसाव्यात.

ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. २०२३ साली १८ जूनला गूगलने त्यांचं चित्र लावलं, तेव्हा वर्तमानपत्रांतून ती पुन्हा छापून आली. आणि माझी तक्रार इथेच आहे. रामन, दार, परिवीक्षा, इथे गोष्ट थांबते. दारातून आत गेल्यावर त्या मुलीने केलं काय, हे कोणी सांगत नाही. दुर्गाबाईंबद्दल बोलताना आपण फक्त तुरुंगाबद्दल बोललो आणि 'ऋतुचक्र' वाचलंच नाही, तर कसं होईल? तसं हे झालंय.

आत गेल्यावर तिला मार्गदर्शक भेटले एम. श्रीनिवासय्या. कडक, पण शिकवणारा माणूस. त्यांनी तिला विषय दिला, दूध आणि डाळी-कडधान्यांतली प्रथिनं. आता यात काय मोठं, असं मला आधी वाटलं. भाचीने समजावलं. पदार्थात प्रथिनं किती हे थेट मोजणं अवघड. म्हणून त्यातला नायट्रोजन मोजतात आणि सव्वासहाने गुणतात. डेन्मार्कमधल्या एका दारूच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत क्येल्डाल नावाच्या गृहस्थाने १८८३ साली ही रीत काढली, अजून चालू आहे. पण पदार्थातला सगळाच नायट्रोजन प्रथिनांचा नसतो. म्हणजे वरून बेरीज बरोबर आणि आतला हिशेब चुकलेला. आणि समजा प्रथिनं खरोखरच भरपूर आहेत, तरी ती अंगी लागतात का, हा आणखी वेगळा प्रश्न. ज्या देशात बहुतेकांचं प्रथिन ताटातल्या वाटीभर डाळीतून येतं, तिथे हे प्रश्न पुस्तकी नव्हेत. १९३६ साली तिने या कामावर एम.एस्सी. केली.

१९३७ साली शिष्यवृत्ती मिळवून ती केंब्रिजला गेली. तिथले जीवरसायनशास्त्राचे प्रमुख सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स, जीवनसत्त्वांच्या कामाबद्दल १९२९ चं नोबेल मिळालेले. त्यांच्या विभागात बायकांना काम करायला मिळे, त्या काळी ही गोष्ट मोठी होती. अर्थात केंब्रिजही काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं बरं! तिथे स्त्रियांना पूर्ण हक्काची पदवी १९४८ पर्यंत देतच नसत, नुसती नावाची देत. तिथे कमला आधी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर आणि मग रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करू लागली. हिल हे वनस्पतींचे माणूस. हिरव्या पानातून सूर्यप्रकाशात प्राणवायू कसा सुटतो यावरचं त्यांचं काम शाळा-कॉलेजच्या पुस्तकांत 'हिल अभिक्रिया' म्हणून आहे. त्यांच्याकडे बटाट्यासारख्या वनस्पतींवर काम करताना कमलेला सायटोक्रोम सी दिसलं, आणि ते वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत असतं असं तिने दाखवलं. १९३९ मध्ये हिल आणि भागवत या जोडनावाने 'नेचर'मध्ये टिपण आलं, सपुष्प वनस्पतींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर.

हे सायटोक्रोम म्हणजे काय, हे भाचीने मला समजावलं आणि मी ते माझ्या भाषेत तिला परत सांगितलं. आपण श्वासातून घेतलेला प्राणवायू शेवटी कुठे लागतो? आपण जेवतो त्या अन्नातून पेशी इलेक्ट्रॉन काढून घेते. ते एकदम प्राणवायूला देऊन टाकले तर सगळी शक्ती उष्णता होऊन वाया जाईल. म्हणून ते एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे जातात आणि वाटेत थोडी थोडी शक्ती पेशी काढून घेते. "म्हणजे फाइल," मी म्हटलं. "टेबलावरून टेबलावर जाते, प्रत्येक टेबलावर थोडं काम होतं आणि शेवटी साहेबांची सही." भाची हसत सुटली. पण तिने मान्य केलं की हे बरोबर आहे. सायटोक्रोम सी म्हणजे लोखंड असलेलं छोटंसं प्रथिन, शेवटून दुसऱ्या टेबलावरून शेवटच्या टेबलावर फाइल नेणारा शिपाई. शेवटचं टेबल सायटोक्रोम ऑक्सिडेजचं. तिथे इलेक्ट्रॉन प्राणवायूला मिळतात आणि पाणी तयार होतं. हे सारं प्राण्यांत आहे हे केंब्रिजमध्येच डेव्हिड कीलिन यांनी १९२५ पासून दाखवलेलं. कमलेच्या कामाने कळलं ते हे की बटाटाही आपल्यासारखाच श्वास घेतो, त्याच शिपायाकडून फाइल पाठवतो. दुर्गाबाई झाडांकडे ज्या आपुलकीने पाहत ती मला एकदम आठवली. दोघी बहिणींनी झाड आणि माणूस यांतलं नातं आपापल्या वाटेने शोधलं म्हणायचं.

प्रबंध तिने केंब्रिजला पोचल्यावर अवघ्या चौदा महिन्यांत पुरा केला, आणि तो होता चाळीस पानांचा! (आमच्याकडे एका पंख्याच्या खरेदीची नस्ती याहून जाड असते.) १९३९ साली डॉक्टरेट मिळाली. विज्ञानातली पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असं त्यांना म्हणतात. केरळच्या जानकी अम्माळ यांनी १९३१ सालीच अमेरिकेत, मिशिगन विद्यापीठात, वनस्पतिशास्त्रातली डॉक्टरेट मिळवली होती. ती डी.एससी., ही पीएच.डी. असा भेद करून दोघींनाही पहिलं ठरवता येतं. मला या पहिलेपणाच्या शर्यतीत फार रस वाटत नाही.

आता भोपाळमध्ये बसून शेवटचं टेबल, सायटोक्रोम ऑक्सिडेज, अशी चर्चा चालली असताना भावजी आतून बाहेर आले. त्यांनी एवढंच विचारलं, "सायनाइड त्याच्यावरच बसतं ना?" भाची म्हणाली हो. सायनाइड त्या शेवटच्या टेबलावरच्या लोखंडाला चिकटतं. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. भावजी विज्ञानाचे नव्हेत. पण भोपाळमधल्या त्यांच्या पिढीला हे शब्द ठाऊक आहेत. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट सुटला. त्यानंतर मृतदेहांची तपासणी करणारे गांधी मेडिकल कॉलेजचे डॉ. हीरेश चंद्र यांना रक्ताचा रंग चेरीसारखा लाल दिसला, आणि सायनाइडचा संशय आला. त्यावर उतारा सोडियम थायोसल्फेट. शरीरातलंच एक एन्झाइम या औषधातला गंधक घेऊन सायनाइडचं थायोसायनेट करतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. द्यावं की नाही यावर तेव्हा डॉक्टरांत आणि अधिकाऱ्यांत मोठा वाद झाला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८५ च्या सुरुवातीला रीतसर चाचणी घेतली, तिचा कौल औषधाच्या बाजूने होता. तरी ते औषध सगळ्या गरजूंपर्यंत पोचलं नाही, आणि तो वायू शरीरात नेमकं काय करून गेला यावरचा वाद पुढे कित्येक वर्षं चालला.

भावजी एवढंच बोलले आणि चहा घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्या रात्री ते कुठे होते ते मी इतक्या वर्षांत कधी विचारलेलं नाही. भाचीने पुस्तकातलं ते पान बराच वेळ उलटलं नाही.

पुढचं चरित्र भरभर सांगतो. १९३९ साली कमला परत आली. दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजात जीवरसायनशास्त्राची विभागप्रमुख झाली, मग निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेली. १९४७ साली एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न झालं, ते विमागणिती होते, आणि कमलाबाई सोहोनी मुंबईला आल्या. तिथे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा विभाग नवीन निघाला होता, तिथे त्या प्राध्यापक झाल्या. केंब्रिजची डॉक्टरेट घेतलेल्या बाईने आता काय करावं? त्यांनी पुन्हा कडधान्यं काढली! त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हात घातलेले विषय पाहा. डाळी-कडधान्यं, नीरा, तांदळाचं पीठ. गरिबाच्या घरात जे असतं तेच.

आता कडधान्यांबद्दल जरा सविस्तर सांगू द्या, कारण इथेच मला ही बाई आपल्या घरातली वाटली. आपल्याकडे वाल कसे करतात? रात्री भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी उपसून फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा, आणि मग चांगले शिजवायचे. एवढा खटाटोप कशाला, असं लहानपणी सोलायला बसवलं की मी विचारायचो. आजी म्हणायची, "कच्चे खाल्लेस तर पोट धरून बसशील." आता ऐका. आपल्या लहान आतड्यात ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनांचे तुकडे करतं. वालामध्ये एक प्रथिन असं असतं की ते ट्रिप्सिनलाच जाऊन धरतं आणि त्याची कात्री बंद पाडतं. बी किडीने किंवा प्राण्याने खाऊन पचवू नये म्हणून झाडाने केलेली ही तजवीज असावी. तेव्हा कच्चा वाल खाल्ला तर त्यातलं प्रथिन पोटात जातं, पण पचत नाही. नीट शिजवलं की उष्णतेने ते अडवणारं प्रथिन मोडतं. सालीतही पचनाला आड येणारी द्रव्यं असतात, ती सोलल्याने जातात.

कमलाबाईंनी १९५४ साली एका सहकाऱ्याबरोबर भारतीय खाद्यपदार्थांतल्या या ट्रिप्सिनविरोधी द्रव्यांवर निबंध लिहिला. आणि १९५५ साली त्यांच्या प्रयोगशाळेतून 'नेचर'मध्ये टिपण गेलं, आपल्या वालातून आणि डबल बीनमधून हे द्रव्य स्फटिकरूपात वेगळं काढल्याचं. स्फटिकरूपात काढलं म्हणजे काय मोठं, हे मला समजायला वेळ लागला. प्रथिनाचा स्फटिक मिळाला म्हणजे ते बऱ्यापैकी शुद्ध मिळालं, ते हे आणि असं आहे असं बोट ठेवून दाखवता आलं. १९२६ साली अमेरिकेत जेम्स सम्नर यांनी जॅक बीनमधून, म्हणजे आपल्या अबईच्या जातीतल्या बियांतून, एका एन्झाइमचे स्फटिक काढले आणि एन्झाइम हे प्रथिन असतं असं म्हटलं, तेव्हा मोठमोठ्यांनी त्यांना खोटं पाडलं. या सम्नरना एकच हात होता. शिकारीच्या अपघातात दुसरा गेलेला. रसायनशास्त्र तुझ्याच्याने व्हायचं नाही असं त्यांनाही सांगितलं गेलं होतं. १९४६ साली नोबेल मिळालं. चाळीसच्या दशकात कुनिट्झ यांनी सोयाबीनमधलं ट्रिप्सिनविरोधी प्रथिन स्फटिकरूपात काढलं. आणि मग मुंबईत, आपल्या वालाचं. म्हणजे आजीने 'पोट धरून बसशील' म्हणून सांगितलेलं द्रव्य बाटलीत काढून, नाव लावून, टेबलावर ठेवलं कमलाबाईंनी. दुर्गाबाईंचं 'खमंग' हे पाककृतींचं पुस्तक कितीतरी घरांत आहे, आमच्याही आहे. एका बहिणीने पदार्थ कसा करायचा ते लिहिलं आणि दुसरीने तो तसाच का करायचा ते शोधलं. पहिलं आमच्या कपाटात आहे. दुसऱ्याचा आम्हांला पत्ता नव्हता.

नीरेचं सांगायलाच हवं, गोवेकर आहोत ना! राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेवर काम घेतलं आणि ते दहा-बारा वर्षं चालवलं. आपल्याकडे रेंदेर माडावरून काढतो ती सूर आंबते आणि मग तिचं काय होतं ते मी इथे सांगायची गरज नाही. न आंबलेला रस ती नीरा. मडक्याला आतून चुना लावला की आंबणं थांबतं. या नीरेत क जीवनसत्त्व, लोह वगैरे चांगल्या प्रमाणात असतं, आणि तिचा गूळ केला तरी त्यातलं बरंच टिकतं, असं त्यांना आढळलं. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना ते देऊन पाहिलं, तब्येती सुधारल्या. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. मला हे वाचताना म्हापशाच्या बाजारातलं माडाचं गोड आठवलं. काळंभोर, खारट-गोड. पातोळ्यांत, धोणसात आपण ते घालतो ते चवीसाठी. बाळंतिणीला देत त्यामागे काही वेगळं शहाणपण असेल का, हा प्रश्न मी इथे सोडून देतो, कारण त्याचं उत्तर देणारी बाई आता नाही.

संस्थेचं संचालकपद कमलाबाईंना मिळालं, पण सहजी नाही. अंतर्गत राजकारणात ते काही वर्षं रखडलं. म्हणजे परिवीक्षा काही बंगलोरलाच संपली नव्हती. निवृत्तीनंतर त्यांनी ग्राहक चळवळीत लक्ष घातलं. मुंबईच्या कन्झ्युमर गाइडन्स सोसायटीत त्या काम करत, १९८२-८३ साली अध्यक्ष होत्या. खाद्यपदार्थांतली भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी अशा गोष्टी त्या सोसायटीच्या 'कीमत' या मासिकात लिहीत. ज्यांनी वालातलं प्रथिन बाहेर काढून दाखवलं त्यांनी हळदीतला रंगही काढून दाखवला म्हणायचा.

१९९८ साली त्या गेल्या. आयुर्विज्ञान परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला होता, सत्तरी-ऐंशी उलटल्यावर आठवण झाली होती. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात वारल्या. दुर्गाबाई २००२ मध्ये गेल्या. त्या वेळी आमच्याकडे शोकसभा झाली, मीही चार शब्द बोललो होतो. कमलाबाई गेल्या तेव्हा काही झाल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं भाचीला एकदम नव्हे, तीन-चार संध्याकाळी मिळून सांगितलं. ती ऐकायची, मधे मधे माझ्या चुका दुरुस्त करायची. कारकुनाने जीवरसायनशास्त्र सांगायचं म्हणजे दुरुस्त्या असणारच. ट्रिप्सिनची जागा मी आधी जठरात सांगितली होती, ती तिने आतड्यात हलवली. बँकेच्या फॉर्मबद्दल मी मुद्दाम काही बोललो नाही. तो तिच्या बापाचा आणि तिचा प्रश्न. आणि नोकरी लागणं ही काय वाईट गोष्ट आहे? मी तरी दुसरं काय केलं?

परतीच्या आदल्या दिवशी बहिणीने वालाची उसळ केली. मीच गोव्याहून किलोभर नेले होते. आम्ही ओट्यावर बसून सोलले, मी, ती आणि भावजी. भाची आतून आली, परातीतला एक मोड आलेला वाल उचलला, बोटांत धरून पाहिला आणि विचारलं, "मामा, डब्यात अजून आहेत का कच्चे?"

मी म्हटलं, असतील मूठभर.

"मग ते मला हवेत. भिजवू नका. तीन वाट्यांत करते, एक कच्चे, एक मोडाचे आणि एक शिजवलेले. आमच्या मॅडमना विचारते ट्रिप्सिन मिळेल का." आणि जाता जाता, "परत जाल तेव्हा अजून पाठवा. त्याच दुकानातले पाठवा हं, दुसरे नकोत."

फॉर्म अजून फ्रिजवरच होता. निघताना मी पाहिलं, त्याच्यावर वालाचा डबा ठेवला होता.